वृक्षप्रेमी म्हणाले तुला, शालू

शालू, तुझ्या शोकसभेत मी हसले. चांगली मोठ्याने हसले. पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून बघितलं, आणि दिलीपभाऊ, तुझा नवरा, बिचारे डोळ्यांना रुमाल लावून बसले होते, त्यांनीही रुमाल खाली केला. पण मी तरी काय करू? शाळेच्या हॉलमध्ये तुझा फोटो, फोटोला झेंडूचा हार आणि मागे हा एवढा मोठा फलक, ‘वृक्षप्रेमी शालिनीबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली’. वृक्षप्रेमी! कोपऱ्यात एक हिरवंगार झाड काढलेलं, त्यावर पोपट बसवलेला. तू ते वाचलं असतंस तर फोटोतून उठून बाहेर आली असतीस. शेजारची बाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, ‘‘रडू नका हो, हेमाताई.’’ तिला वाटलं, मी रडतेय. मग खरंच रडायला आलं, ते एक बरं झालं.

अगं, झाडांच्या मुळावर उठलेली तुझ्यासारखी बाई मी आयुष्यात पाहिली नाही. सगळ्या झाडांच्या नव्हे, मान्य. जंगलातल्या झाडाला कुणी कोयता लावला तर तू त्याच्याही अंगावर जायचीस. पण वेवजी गावाच्या वरच्या अंगाला जो गवताचा माळ आहे, त्यावर कुणी रोप घेऊन आलं की तुझं डोकं फिरायचं. माळ माळच राहू द्या, हा तुझा एकच हेका. आणि मैत्रीण शोधलीस ती कुणी, तर नर्सरीवाली! चिकूची कलमं, आंबा, काजू, गुलमोहर, येईल त्याला झाड विकून पोट भरणारी बाई. देवाने जोडी बरी जमवली म्हणायची.

पालघर जिल्हा वेगळा झाला त्या पावसाळ्यात तू पहिल्यांदा माझ्या नर्सरीत आलीस. छत्री उलटी झालेली, साडीचा काठ चिखलात. मला वाटलं, शाळेतली बाई दिसतेय, शाळेसाठी कुंड्या हव्या असतील. तू म्हणालीस, ‘‘तुम्ही ते तण उपटून तिकडे ढीग लावलाय, त्यातलं थोडं गवत घेऊ का?’’ नरपडच्या रस्त्याला इतकी वर्षं नर्सरी चालवते मी, पण तण मागायला आलेलं गिऱ्हाईक तू पहिलंच. तळासरीहून एवढी वाट तुडवत आलीस आणि पिशवी भरून कचरा घेऊन गेलीस. माझा माळी म्हणाला, बाई जरा सर्किट दिसते. त्याचं काही चुकलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी मला माळावर घेऊन गेलीस. घेऊन गेलीस म्हणजे काय, माझ्याच स्कूटीवर मागे बसलीस आणि दर फर्लांगाला पाठीत बोट खुपसून ‘थांब थांब’ करत राहिलीस. एकदा गटाराशी थांबवलंस, एकदा विजेच्या तारेखाली, कुठलातरी पक्षी बघायला. माळावर पोचेस्तोवर माझं डोकं उठलं होतं. वर बघते तर काय, गवत. जिकडे बघावं तिकडे गवत, वारा आणि ऊन.

मी म्हटलं, ‘‘कुणीतरी झाडं तोडलेली दिसतायत.’’

‘‘इथे झाडं नव्हतीच,’’ तू म्हणालीस. ‘‘हे गवताचंच रान आहे. उजाड नाहीये हेमा, हे असंच असतं.’’

मग तू मला शिकवायला लागलीस. बाईच ना तू, वर्ग नसला तरी शिकवणारच. इथले टिटवीसारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. त्यांना लांबवरचं दिसावं लागतं, म्हणजे कोल्हा आला, कुत्रं आलं तर वेळेवर कळतं. झाड आलं की कावळ्याला बसायला जागा झाली. वर बसून त्याला सगळं दिसणार, मग अंडी राहतात कशाला? ससे गेले, कोल्हे गेले, हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी गेले. ‘‘आणि लोक म्हणणार, वा, किती हिरवंगार झालं!’’

‘‘आणि सावली?’’ मी विचारलं.

‘‘सावली कुणाला हवीये?’’

‘‘मला! घामाने निथळतेय मी!’’

तू हसली नाहीस. तुला विनोद कळायचा नाही, हे एक तुझं कायमचं होतं.

पण माझंही एक म्हणणं होतं, आणि त्याला तू शेवटपर्यंत सरळ उत्तर दिलं नाहीस. मी म्हणायचे, पाड्यावरच्या माणसाला दोन आंबे, चार काजू मिळाले तर तुझ्या टिटवीचं काय बिघडलं? तू म्हणायचीस, ‘‘दारात लाव, बांधावर लाव, कोण अडवतंय?’’ मी म्हणायचे, ज्याला बांधच नाही त्याने कुठे लावायचं? लगेच तुला घड्याळ आठवायचं, नाहीतर चहा. पाच वर्षांत दर रविवारी माळावर जाताना किती वेळा हा वाद झाला, आणि दर वेळी तू नेमकी इथेच पळ काढलास. आता कायमचीच पळालीस. हे बरोबर नाही, शालू. वाद अर्धा टाकून जायची ही कुठली रीत?

नोटाबंदीच्या वर्षी तर तू कहर केलास. पर्यावरण दिनाला तुमच्या शाळेने माळावर झाडं लावायचं ठरवलं. रोपं माझ्याकडून. टेम्पो भरून मी स्वतः घेऊन आले. पाहुणे आले, मुलं रांगेत उभी राहिली, फोटोवाला आला. पाहुण्यांच्या हातात रोप दिलं आणि तू पुढे झालीस. अगदी गोड आवाजात म्हणालीस, ‘‘साहेब, रोप फार चांगलं आहे. आपल्या बंगल्याच्या आवारात लावा, इथे नको.’’ हेडमास्तर पांढरे पडले. पाहुण्यांना काय करावं कळेना, ते रोप धरून तसेच उभे, फोटोवाल्याने तोच फोटो काढला. वर तू माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘‘हेमा, तुझा टेम्पो परत ने.’’ माझा टेम्पो! जाताना रस्ताभर ड्रायव्हर हसत होता आणि मी त्याच्यावर खेकसत होते.

तेव्हा मी तुझ्याशी अबोला धरला. दिवाळीचा फराळसुद्धा पाठवला नाही. तुला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. संक्रांतीला आलीस, नर्सरीतल्या बाकावर बसलीस, माझ्या हातावर तिळगूळ ठेवलास आणि म्हणालीस, ‘‘गोड बोल म्हणणार नाही, ते तुला जमायचं नाही. चहा टाक.’’ झालं, मिटलं भांडण. माफी नाही, काही नाही. मीही मेलीने चहा टाकला, तोही आलं घालून.

आणि त्या शोकसभेत कुणाला कासव आठवलं नाही, याचा मला राग येतो. नरपडच्या किनाऱ्याला ते दमलेलं कासव लागलं, त्या दिवशी अर्धं गाव जमलं होतं. कुणी त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला, पोरं सेल्फी घेत होती आणि चार जण त्याला पाण्यात ढकलायच्या मागे लागले होते, देव घरी जाऊ दे म्हणून. मी तुला फोन केला आणि पस्तावले. तू आलीस ती ओरडतच आलीस. ‘‘अरे, त्याला पोहण्याचं बळ नाही म्हणून ते वर आलंय! परत ढकलताय कुठे?’’ मग भिजलेलं गोणपाट त्याच्या पाठीवर टाकून त्याच्याशेजारी फतकल मारून बसलीस, वनखात्याची गाडी येईस्तोवर. पाणी कोण आणणार? मी. बादल्या उचलून माझी कंबर गेली. एका म्हातारीने विचारलं, ‘‘कुंकू तरी राहू देऊ का?’’ तू म्हणालीस, ‘‘राहू दे, पण डोळ्यात जाऊ देऊ नको.’’ तेवढं एकच तू त्या दिवशी हळू आवाजात बोललीस.

माळ, किनारा, खाडीतली तिवरं, चिकूच्या वाडीतली वटवाघळं, सगळ्यांची वकिली तू घेतलेली. वटवाघळांसाठी माझ्या भावाशी भांडलीस, त्याने वाडीला जाळी लावली म्हणून. गेल्या हिवाळ्यात जमिनीला धक्के बसायला लागले, माणसं घरं सोडून मांडवात झोपू लागली. सगळ्यांचे चेहरे उतरलेले, आणि तू म्हणतेस, ‘‘माळच बरा बघ, डोक्यावर पडायला काही नाही.’’ लोकांनी तुला मारलं कसं नाही, याचंच मला नवल वाटतं.

एवढी ओरडणारी तू. छातीत दुखतंय हे मात्र सकाळपासून गिळून बसलीस. दिलीपभाऊंना सांगितलंस कधी, तर उभं राहवेना तेव्हा. वापीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. टिटवीच्या अंड्यांसाठी गावभर आरडाओरडा, आणि स्वतःसाठी एक हाक मारता आली नाही? याची मला तुझ्यावर जी चीड आहे ना शालू, ती कधी जाईल असं वाटत नाही.

तर त्या शोकसभेचं सांगत होते. भाषणं झाली. मग नितेश उठला. तुझा विद्यार्थी, दहावीला तू घरी बसवून गणित शिकवलंस तो. आता जेसीबी चालवतो, स्वतःचं मशीन आहे. पोरगा चांगला आहे, तुझ्यावर जीव होता त्याचा. रडत रडतच बोलला. म्हणाला, बाईंना निसर्ग फार आवडायचा. बाई नेहमी वेवजीच्या माळावर जायच्या. तो माळ असा ओसाड पडलाय, तर आपण सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून पावसाच्या तोंडावर तिथे ‘शालिनीबाई स्मृतिवन’ करायचं. खड्डे मी खणून देतो. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण पडल्या. आणि दिलीपभाऊ इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा हसले.

मला सांग, इतकी वर्षं तू वर्गात काय शिकवलंस? एका तरी पोराच्या डोक्यात शिरलं का? तुझ्या छातीवर झाडं लावायला निघाले होते गं, आणि तेही प्रेमाने! दुष्ट माणसाशी भांडता येतं. डोळे पुसत आलेल्या पोराला काय म्हणायचं?

सभा संपल्यावर तो माझ्याकडेच आला. ‘‘मावशी, झाडं तुमच्याच नर्सरीतली घ्यायची. बाईंच्या मैत्रिणीची.’’ मी म्हटलं, माझ्याकडे रोपं तयार नाहीत. माझ्या नर्सरीत शेडनेटखाली रोपांची गर्दी दाटलेली आहे, हे त्याला येता-जाता दिसतं. तो म्हणाला, ‘‘बरं, मग दुसरीकडून आणतो.’’ नाराज झाला. वाटलं असेल, मावशी कंजूष.

मी तुझ्या घरी गेले. दिलीपभाऊंनी स्वतः चहा केला, साखर विसरले. मी विषय काढला, तसे ते खाली बघत म्हणाले, ‘‘मला माहितीये हो, हेमाताई. तिला नको होतं. माळावर झाड म्हटलं की ती जेवायची नाही.’’

‘‘मग तुम्ही हो कसं म्हणालात?’’

‘‘माणसं तिच्यासाठी काहीतरी करतो म्हणतायत. मी नाही कसं म्हणू?’’ मग म्हणाले, ‘‘आमच्या घरात नाही म्हणायचं काम तिचं होतं. दूधवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना तीच नाही म्हणायची. मला कधी वेळच आली नाही.’’

बिनसाखरेचा चहा प्यायले आणि उठले. दारात ते म्हणाले, ‘‘तुम्ही सांगा ना नितेशला.’’ म्हणजे तू गेलीस आणि तुझं काम माझ्या गळ्यात. नर्सरीवालीने जाऊन सांगायचं, झाडं लावू नका. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, लोक तरी दुसरं काय म्हणतील मला?

गेले तरी. खड्ड्यांच्या दिवशी सकाळी माळावर पोचले तर चुन्याच्या रेघा आखून तयार. मशीन धडधडत होतं, तुझे विद्यार्थी टोप्या घालून उभे. पाड्यावरची लाडकी कडेला उभी होती, दर दिवाळीनंतर तिथलं गवत कापून वखारीला घालते ती. तिने विचारलं, ‘‘मग आम्ही गवत कुठं कापायचं?’’ त्या माळाचं गवत कुणाच्या पोटाला लागतं हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. शालू, पाच वर्षं आपण पाड्यावरच्या माणसांच्या नावाने भांडलो, पण तूही नाही आणि मीही नाही, कुणी लाडकीला बोलावून बसवलं नाही. ते तिथे उभं राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं.

मी नितेशला म्हटलं, ‘‘मशीन बंद कर. शालूला हे चाललं नसतं.’’ तो म्हणाला, ‘‘मावशी, बाईंना झाडं आवडत नव्हती असं म्हणायचंय तुम्हाला?’’ पोरं माझ्याकडे असं बघायला लागली, जशी मी तुला शिवी दिली. मी बोलायला लागले. कावळा, अंडी, लांबवर दिसणं, तू सांगायचीस ते सगळं. पण माझ्या तोंडून ते उलटंसुलटं यायला लागलं. कोण हिवाळ्यात येतं, कोण पावसात अंडी घालतं, मला धड सांगता येईना. एक पोरगा हळूच म्हणाला, ‘‘झाडं लावली तर पक्षी वाढतीलच की.’’ तू असतीस तर त्याला उन्हात तासभर उभा करून समजावलं असतंस. मी नुसती ‘नाही म्हणजे नाही’ म्हणत राहिले. नितेशचे डोळे भरून आले. म्हणाला, ‘‘म्हणजे बाईंसाठी काहीच करायचं नाही का आम्ही?’’

आणि मग दिलीपभाऊ आले. लुना ढकलत चढ चढून आले, दम लागलेला, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. सरळ मशीनपाशी गेले. नितेश वर बसला होता. त्याच्याकडे बघून म्हणाले, ‘‘नितेश, मशीन बंद कर बाळा. ती ओरडेल.’’

ओरडेल म्हणाले, शालू. ‘ओरडली असती’ असं नाही म्हणाले.

नितेशने मशीन बंद केलं. एकदम एवढं शांत झालं की वारा ऐकू यायला लागला. पोरांनी टोप्या काढल्या, पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. मशीन परत गेलं तेव्हा लाडकीने पायाने चुन्याची एक रेघ पुसली आणि ती पाड्याकडे निघून गेली.

तर आता तुझं स्मृतिवन झालेलं नाही. नितेश माझ्याशी बोलत नाही, नर्सरीसमोरून जाताना मान वळवून जातो. तो येईल, तुझाच विद्यार्थी आहे, दोन महिने फुगून बसेल आणि मग चहा टाका म्हणेल. हेडमास्तर विचारतात, बाईंच्या नावाने काहीच नको का, निदान शाळेत एक कपाट? मी म्हटलं, कपाट ठेवा बाबा, फक्त त्यावर वृक्षप्रेमी लिहू नका. तुझी सुटका करता करता माझी मात्र गावभर वाईट बाई म्हणून ख्याती झाली. खुश आहेस ना?

श्रावण लागला तशी एका सकाळी दिलीपभाऊंचा फोन आला, ‘‘हेमाताई, मला एकदा माळावर न्याल का? इतकी वर्षं ती जायची, मी कधी गेलोच नाही नीट.’’ नेलं. गवत कमरेपर्यंत आलंय, शालू. आदल्या रात्रीचा पाऊस त्यावर तसाच होता, आमचे दोघांचे कपडे गुडघ्यापर्यंत भिजले. मधे कुठे कुठे बारीक पिवळी, जांभळी फुलं. दिलीपभाऊ छत्री मिटून उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

‘‘एवढं काय बघायची हो ती इथे?’’ त्यांनी विचारलं. तक्रार म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

एवढ्यात आमच्या पायाजवळून काहीतरी भुर्रकन उठलं, गवताच्या अगदी टोकांवरून थोडं लांब गेलं आणि परत आत शिरलं. तपकिरी, मुठीएवढं. मला बाकी काही दिसलं नाही.

‘‘ते काय होतं?’’ दिलीपभाऊ एकदम माझ्याकडे वळले. चेहरा असा झाला होता त्यांचा, जसं तूच काहीतरी पाठवलंयस. ‘‘कुठला पक्षी? तुम्ही यायचात ना तिच्याबरोबर दर रविवारी. सांगायची ना ती तुम्हाला?’’

सांगायचीस. किती वेळा सांगितलं असशील.

‘‘मी भांडायला यायचे हो, भाऊ,’’ मी म्हटलं.